हेड्रन, टिपी

(जन्म : १९ जानेवारी १९३०). अमेरिकन चित्रपट व दूरचित्रवाणी अभिनेत्री आणि वन्य प्राण्यांच्या संरक्षणासाठी झटणारी कार्यकर्ती. मूळ नाव नॅथली के हेड्रन. ॲल्फ्रेड हिचकॉकच्या ‘द बर्ड्‌स’ (१९६३) व ‘मार्नी’ (१९६४) या चित्रपटांमुळे तिला जागतिक कीर्ती लाभली. पुढे दूरचित्रवाणीवरील दैनंदिन कौटुंबिक मालिकेतही तिने भूमिका केली. सिंह घरात पाळण्याची हौस, सिंहवाघांचा मोठा ताफा घेऊन काढलेला एक अनर्थकारी चित्रपट, त्यातून उरलेल्या प्राण्यांची स्वीकारलेली कायमची जबाबदारी आणि अखेरीस अशा खाजगी मालकीवर बंदी घालणाऱ्या कायद्याचा दीर्घकाळ केलेला पाठपुरावा, असा तिच्या प्राणिविषयक कार्याचा क्रम आहे. वन्य प्राण्यांविषयीचे प्रेम आणि त्यांच्या हिताचा विचार या दोन भिन्न गोष्टी होत, हे या क्रमातून विशेष स्पष्टपणे दिसून येते.

पूर्वायुष्य : तिचा जन्म मिनेसोटा राज्यातील न्यू अल्म येथे झाला. वडील बर्नार्ड हेड्रन हे स्वीडिश वंशाचे असून लाफायेट या लहान गावी त्यांचे किराणा व किरकोळ मालाचे दुकान होते. आईचे घराणे जर्मन व नॉर्वेजियन वंशाचे. वडील तिला लाडाने ‘टुप्सा’ या स्वीडिश शब्दाने हाक मारीत. त्याचेच ‘टिपी’ असे रूप रूढ झाले. वयाच्या विशीत ती न्यूयॉर्कला गेली व तेथे आयलीन फोर्ड यांच्या प्रसिद्ध संस्थेमार्फत तिने वस्त्रप्रावरणांच्या जाहिरातींसाठी प्रतिरूपक म्हणून काम सुरू केले. या व्यवसायात तिला चांगले यश मिळाले. १९५२ मध्ये पीटर ग्रिफिथशी तिचा विवाह झाला. या दांपत्याची कन्या मेलनी ग्रिफिथ (जन्म १९५७) ही पुढे हॉलिवुडमधील नामवंत अभिनेत्री झाली. या विवाहाचा शेवट घटस्फोटात झाल्यावर १९६१ मध्ये टिपी मुलीसह लॉस अँजेल्सला राहावयास गेली.

चित्रपटकारकीर्द : एका आहारपेयाच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत हिचकॉकने तिला पाहिले आणि अभिनयाचा फारसा पूर्वानुभव नसतानाही सात वर्षांच्या करारावर तिला बांधून घेतले. ‘द बर्ड्‌स’ ही तिची पहिलीच मोठी भूमिका होय. कॅलिफोर्नियातील एका किनारी गावावर पक्ष्यांचे थवे अकस्मात हल्ले करू लागतात, अशी या चित्रपटाची कथा आहे. यातील माळ्यावरील प्रसंगात यांत्रिक पक्षी वापरले जातील, अशी तिची समजूत करून देण्यात आली होती. प्रत्यक्षात जिवंत पक्षी पाच दिवस तिच्या अंगावर फेकण्यात आले व काही तिच्या कपड्यांना बांधण्यात आले. एका पक्ष्याच्या ओरखड्याने तिचा डोळा थोडक्यात बचावला. ती इतकी थकून गेली, की डॉक्टरांना तिला सक्तीची विश्रांती द्यावी लागली. या भूमिकेसाठी तिला उदयोन्मुख अभिनेत्रींना दिले जाणारे ‘गोल्डन ग्लोब’ पारितोषिक (१९६४) इतर दोन अभिनेत्रींसमवेत मिळाले.

‘मार्नी’मध्ये तिने चोरीची विकृत ओढ असलेल्या तरुणीची भूमिका केली. प्रदर्शनाच्या वेळी या चित्रपटाचे फारसे स्वागत झाले नाही. तथापि नंतरच्या समीक्षकांनी तिच्या अभिनयाचे मोल मान्य केले. हिचकॉकच्या वर्तनामुळे आपल्याला त्याच्याबरोबर काम करणे अशक्य झाले आणि त्याने करारातून मुक्त न केल्याने आपली कारकीर्द खुंटली, असे तिने पुढे जाहीरपणे सांगितले व ‘टिपी : अ मेम्वार’ (२०१६) या आत्मचरित्रात त्याचे तपशील दिले. त्यानंतर चार्ली चॅप्लिनच्या ‘अ काउंटेस फ्रॉम हाँगकाँग’ (१९६७) या चित्रपटात तिने दुय्यम भूमिका केली.

चित्रपट व प्राणी : हॉलिवुडमध्ये प्राण्यांच्या वापराचा प्रश्न तिच्या आधीपासूनचा आहे. ‘जेसी जेम्स’ (१९३९) या चित्रपटात एका घोड्याला उंच कड्यावरून पाण्यात पडावयास लावल्याने तो मृत्युमुखी पडला. त्यावर उठलेल्या निषेधामुळे ‘अमेरिकन ह्यूमेन असोसिएशन’ या प्राणिसंरक्षक संस्थेने १९४० मध्ये हॉलिवुडमध्ये आपले कार्यालय उघडले आणि चित्रीकरणावर देखरेख ठेवण्यास प्रारंभ केला. चित्रपटउद्योगाची जुनी नियंत्रणव्यवस्था १९६६ च्या सुमारास मोडीत निघाल्यावर या देखरेखीचा आधार दुबळा झाला. ‘हेवन्स गेट’ (१९८०) या चित्रपटातील प्राण्यांच्या हालांविषयी तक्रारी झाल्यानंतर ती पुन्हा कराराने दृढ करण्यात आली. हेड्रनने स्वतः काढलेला सिंहवाघांचा चित्रपट या दोन घटनांच्या मधल्या काळात तयार होत होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

दूरचित्रवाणी मालिका : अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात नभोवाणीवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी क्रमशः कौटुंबिक नाट्ये सुरू झाली. त्यांचे प्रायोजक बहुधा साबण तयार करणारे कारखानदार असल्याने त्यांना ‘सोप ऑपेरा’ हे काहीसे थट्टेचे नाव पडले आणि दूरचित्रवाणीच्या काळातही ते टिकून राहिले. अशा मालिका आठवड्यातून पाच दिवस दाखविल्या जातात व वर्षानुवर्षे चालतात. त्यामुळे त्यांतील कलावंत प्रेक्षकांच्या घरात रोजचे होतात. चित्रपटतारकेविषयी वाटणाऱ्या दुरस्थ कुतूहलापेक्षा हे नाते अधिक जवळिकीचे असते. विल्यम बेल व ली फिलिप बेल यांनी निर्मिलेल्या ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ (प्रारंभ २३ मार्च १९८७) या मालिकेत हेड्रनने १९९०-९१ मध्ये हेलन मक्लेन ही भूमिका केली. लॉस अँजेल्समधील वस्त्रप्रावरणांच्या व्यवसायातील घराण्यांभोवती फिरणारी ही मालिका अनेक देशांत दाखविली गेली. १९९० नंतरच्या दशकात उपग्रहवाहिनीद्वारे ती भारतातील प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली. हेड्रनच्या प्राणिविषयक कार्याला तोवर जवळजवळ दोन दशके झाली होती. या परिचित चेहऱ्याचा त्या कार्याला निश्चितच उपयोग झाला.

आफ्रिकेतील अनुभव : १९६४ मध्ये हेड्रनने नोएल मार्शल या निर्मात्याशी विवाह केला. १९६९ च्या सुमारास चित्रीकरणाच्या निमित्ताने ती आफ्रिकेत गेली. तेथे तिला सिंह, चित्ते व बिबळे मुक्त स्थितीत पाहावयास मिळाले आणि शिकार, चोरटी शिकार व वस्तीची वाढ यांमुळे त्यांच्यावर आलेले संकटही समजले. तत्कालीन पोर्तुगीज अमलाखालील मोझँबीकमधील गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात पुराच्या पाण्यामुळे सोडून दिलेले एक घर होते. सुमारे ३० सिंहांच्या कळपाने त्याचा ताबा घेतला होता. सिंह खिडक्यांतून ये-जा करीत व छपरावर पहुडत. हे दृश्य पाहून अशा प्राण्यांच्या सहवासात राहणाऱ्या एका कुटुंबावर चित्रपट काढावा आणि त्याद्वारे त्यांच्या रक्षणाचा संदेश जगापुढे मांडावा, अशी कल्पना हेड्रन व मार्शल यांना सुचली.

सिंहाचा गृहवास : सिंहांबरोबर काम करावयाचे, तर आधी त्यांच्यासमवेत राहून त्यांना ओळखले पाहिजे, असा सल्ला या क्षेत्रातील एका जाणकाराने त्यांना दिला. त्यानुसार १९७१ मध्ये ‘नील’ नावाचा प्रौढ सिंह लॉस अँजेल्सच्या शर्मन ओक्स या उपनगरातील त्यांच्या घरी येऊ लागला. ‘लाइफ’ या सचित्र नियतकालिकासाठी त्याची छायाचित्रे घेण्यात आली. सिंह दिवाणखान्यात विसावला आहे, पोहण्याच्या तलावाकाठी मुलीच्या जवळ आहे, बिछान्यात तिच्याशेजारी झोपला आहे, अशी ही छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. हिंस्र श्वापदालाही मायेने जिंकता येते, या लोकप्रिय समजुतीला त्यांनी पुष्टी दिली. पुढील काळात हेड्रनने या प्रकाराचा उल्लेख आपला अक्षम्य मूर्खपणा असा केला आणि ती छायाचित्रे पाहून कोणीही तसे अनुकरण करू नये, असे वारंवार बजावले. नीलपाठोपाठ अनेक पोरके व नकोसे झालेले छावे या कुटुंबाकडे आले. शेजाऱ्यांच्या तक्रारी होऊ लागल्यावर प्राण्यांना लॉस अँजेल्सच्या उत्तरेस सुमारे ६५ किमी. वरील ॲक्टन गावाजवळच्या सोलेदाद खोऱ्यात हलविण्यात आले.

‘रोअर’ची निर्मिती : येथेच ‘रोअर’ या चित्रपटाचे चित्रण १९७६ मध्ये सुरू झाले. मार्शल हा दिग्दर्शक व नायक; हेड्रन, तिची मुलगी मेलनी आणि मार्शलचे दोन पुत्र यांच्या भूमिका त्यात होत्या. सिंह, वाघ, बिबळे, जग्वार, प्यूमा आदी सुमारे १५० प्राणी वापरण्यात आले. त्यांतील बहुतेकांना कोणतेही रीतसर शिक्षण दिलेले नव्हते. ३० लाख डॉलरांत पुरा व्हावयाच्या चित्रपटाचा खर्च १ कोटी ७० लाख डॉलरांपर्यंत गेला. मार्शल हा ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) या अत्यंत यशस्वी चित्रपटाचा कार्यकारी निर्माता होता. त्यातून मिळालेला पैसा व कुटुंबाची मालमत्ता यांत खर्ची पडली.

चित्रीकरणात सुमारे ७० व्यक्ती जखमी झाल्या. छायाचित्रणकार यान द बाँट याच्या डोक्याची कातडी सिंहाने सोलून काढली. मेलनीच्या चेहऱ्यावर सिंहिणीने पंजा मारल्याने तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. हेड्रनला सिंहिणीने मानेजवळ चावा घेतला आणि एका हत्तीने तिचा पाय मोडला. मार्शललाही गंभीर जखमा झाल्या. १९७८ च्या फेब्रुवारीत आलेल्या पुराने कुंपणे वाहून गेली व प्राणी बाहेर पडले. पळालेल्या सिंहांपैकी काहींना अधिकाऱ्यांनी गोळ्या घातल्या; त्यांत चित्रपटातील प्रमुख सिंहही होता. पुढच्याच वर्षी वणव्याचे संकट आले.

‘रोअर’ १९८१ मध्ये अमेरिकेबाहेर काही देशांत प्रदर्शित झाला. त्याचे उत्पन्न सुमारे २० लाख डॉलर इतकेच झाले. अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो २०१५ मध्ये प्रथमच दाखविण्यात आला आणि तोही मुख्यतः एक धोकादायक निर्मिती म्हणून असलेल्या कुतूहलापोटी. हेड्रन व मार्शल यांचा १९८२ मध्ये घटस्फोट झाला. वन्य प्राण्यांना वाचविण्याच्या हेतूने हाती घेतलेल्या या उपक्रमात माणसे जायबंदी झाली व प्राणी मेले. त्याचे कारण कोणाचीही क्रूरता हे नव्हते. माणसाळलेला प्राणी व पाळीव प्राणी यांतील फरक येथे विसरला गेला. कुत्रा, गाय वा घोडा यांचे पाळीवपण हजारो वर्षांच्या निवडक प्रजननाने आलेले असते. बाटलीने दूध पाजून वाढविलेला सिंहाचा छावा माणसाला सरावतो, परंतु त्याच्या उपजत प्रवृत्ती बदलत नाहीत. खेळकरपणे मारलेला पंजाही माणसाला प्राणघातक ठरू शकतो.

शंभाला : चित्रपट संपला, तरी प्राणी उरले. त्यांना विकणे वा सर्कशीस देणे हेड्रनने नाकारले. जन्मापासून बंदिवासात वाढलेल्या प्राण्यांना अरण्यात सोडणेही शक्य नव्हते. कारण त्यांना शिकारीचे शिक्षण मिळालेले नसते व माणसाची भीती उरलेली नसते. म्हणून १९८३ मध्ये तिने ‘रोअर फाउंडेशन’ हा विश्वस्तनिधी स्थापून सोलेदाद खोऱ्यातील त्या जागी ‘शंभाला’ हे निवारागृह कायम केले आणि स्वतःही तेथेच घर केले. हे नाव मूळ संस्कृत ‘शंभल’ या शब्दावरून घेतलेले आहे. पुराणांत कल्की अवताराचे जन्मस्थान म्हणून शंभल ग्रामाचा निर्देश येतो, तर तिबेटी बौद्ध परंपरेत शंभल हे शांततेचे एक गूढ राज्य मानले जाते. माणसे व प्राणी यांनी सलोख्याने नांदावयाचे स्थान, अशा अर्थाने हेड्रनने ते योजले.

शंभालाचे नियम ‘रोअर’च्या अनुभवातून घडले. तेथे प्राण्यांची पैदास, खरेदी, विक्री वा देवघेव करावयाची नाही. त्यांच्याकडून खेळ करवून घ्यावयाचे नाहीत. अभ्यागतांना प्राण्यांना हात लावू द्यावयाचा नाही, ही त्यांतील मुख्य तत्त्वे होत. मालकांनी टाकून दिलेले, सर्कशी वा प्राणिसंग्रहालये बंद पडल्याने निराधार झालेले आणि अधिकाऱ्यांनी जप्त केलेले प्राणी येथे मरेपर्यंत सांभाळले जात. एका वेळी येथील प्राण्यांची संख्या सुमारे ७० होती. गायक मायकेल जॅक्सन याने आपले ‘नेव्हरलँड’ हे निवासस्थान सोडल्यावर त्याचे ‘थ्रिलर’ व ‘साबू’ हे दोन वाघ येथे आणण्यात आले. त्यांपैकी थ्रिलर २०१२ मध्ये मरण पावली. खर्चाचा भार देणग्यांवर व मर्यादित संख्येने येणाऱ्या अभ्यागतांच्या शुल्कावर असे. प्रौढ सिंह वा वाघ सुमारे २०० किग्रॅ. वजनाचा असतो व बंदिवासात तो २० वर्षांपर्यंतही जगू शकतो. त्याला रोज पुरवावे लागणारे मांस, वैद्यकीय उपचार व बळकट कुंपणे यांचा विचार केला, म्हणजे अशा संस्थेची आर्थिक विवंचना ध्यानात येते. आपले अनुभव हेड्रनने थिओडोर टेलर याच्या सहकार्याने लिहिलेल्या ‘द कॅट्स ऑफ शंभाला’ (१९८५) या पुस्तकात सांगितले आहेत.

खाजगी मालकीचा प्रश्न : शंभालाकडे येणाऱ्या प्राण्यांचा ओघ थांबेना, तेव्हा निवारा हा या प्रश्नावरील उपाय नसून केवळ त्याच्या परिणामांवरील मलमपट्टी आहे, अशी हेड्रनची खात्री झाली. अमेरिकेत वन्य प्राणी खाजगीरीत्या बाळगण्याविषयीचे कायदे प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीत होते व ते परस्परांहून फार भिन्न होते. काही राज्यांत वाघ पाळण्यास परवानाही लागत नसे. १९६६ चा प्राणिकल्याणविषयक संघीय कायदा प्रथम प्रयोगशाळांतील प्राण्यांपुरता होता. १९७० मध्ये प्राण्यांचे प्रदर्शन करणाऱ्यांनाही तो लागू झाला. तथापि कृषिखात्याकडून प्रदर्शनाचा परवाना मिळविणे कठीण नसल्याने अनेक हौशी मालक व रस्त्याकडेची किरकोळ संग्रहालये या परवान्याच्या आडोशाने चालत. १९७३ च्या संकटग्रस्त जातींविषयीच्या कायद्याचा रोख वन्य स्थितीतील प्राण्यांवर अधिक होता. निरनिराळ्या उपजातींच्या संकरातून जन्मलेल्या बंदिस्त वाघांना तर १९९८ मध्ये नोंदणीतून सूट देण्यात आली आणि ती २०१६ पर्यंत चालू राहिली. परिणामी देशात किती वाघ खाजगी हातांत आहेत, याची विश्वसनीय गणती शासनापाशीही नव्हती.

या व्यवहाराच्या मुळाशी छाव्यांचे आकर्षण होते. जन्मताच आईपासून दूर केलेले छावे प्रवाशांना मांडीवर घेऊ देऊन व त्यांच्यासमवेत छायाचित्रे काढू देऊन पैसे मिळविण्याचा धंदा अनेक ठिकाणी चाले. सुमारे ८ ते १२ आठवडे वयाचा छावाच या कामी येतो. त्याहून मोठा झाला, की तो धोकादायक ठरतो. त्यामुळे नव्या छाव्यांसाठी सतत पैदास करावी लागे आणि वाढलेले प्राणी विकले जात, कोंडवाड्यांत पडून राहत किंवा नाहीसे केले जात. नखे काढून टाकण्याची क्रूर शस्त्रक्रियाही प्रचारात होती. तीत बोटांच्या टोकांची हाडेच छाटली जातात व प्राणी जन्माचा अधू होतो.

कायद्यासाठी प्रयत्न : हेड्रनने काँग्रेसच्या सदस्यांच्या भेटी घेतल्या, समित्यांपुढे साक्ष दिली व वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांद्वारे लोकमत जागे केले. तिच्या मतदारसंघाचे प्रतिनिधी बक मॅककीन यांनी मांडलेले ‘कॅप्टिव्ह वाइल्डलाइफ सेफ्टी ॲक्ट’ (बंदिस्त वन्यजीव सुरक्षा अधिनियम) हे विधेयक २००३ च्या डिसेंबरमध्ये संमत झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासच्या रंगमंचावर रॉय हॉर्न या विख्यात कलावंतावर त्याच्याच वाघाने हल्ला केला होता, तर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका सदनिकेत वाढविलेला वाघ सापडला होता. या घटनांनी विधेयकास अनुकूल वातावरण निर्माण झाले. या अधिनियमाने सिंह, वाघ, बिबळ्या, चित्ता, जग्वार व प्यूमा यांची पाळण्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ने-आण व विक्री करण्यास बंदी घातली. मात्र राज्यांतर्गत मालकीला त्याने हात लावला नाही.

या उणिवेचे गांभीर्य २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ओहायओ राज्यातील झेन्सव्हिल येथे दिसून आले. तेथील एका खाजगी मालकाने आपले प्राणी मोकळे सोडून आत्महत्या केली. वस्तीच्या रक्षणासाठी पोलिसांना सुमारे ५० प्राणी ठार करावे लागले. त्यांत १८ वाघ होते. त्यानंतर २०१२ मध्ये मॅककीन यांनी खाजगी मालकीच बंद करणारे विधेयक मांडले. हेड्रनने त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. ते अनेकदा मागे पडले. २०२० मध्ये ‘टायगर किंग’ या चित्रमालिकेमुळे या धंद्याचे स्वरूप लक्षावधी प्रेक्षकांसमोर आले व विधेयकास पुन्हा चालना मिळाली. अखेर २० डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीने ‘बिग कॅट पब्लिक सेफ्टी ॲक्ट’ (मोठे मार्जार सार्वजनिक सुरक्षा अधिनियम) अस्तित्वात आला. त्यानुसार परवानाधारक प्रदर्शक, विद्यापीठे व मान्य निवारागृहे वगळता इतरांना असे प्राणी बाळगण्यास व त्यांची पैदास करण्यास मनाई झाली. ज्यांच्याकडे पूर्वीपासून प्राणी होते, त्यांना १८ जून २०२३ पर्यंत नोंदणी करून ते अखेरपर्यंत सांभाळण्याची मुभा मिळाली. लोकांचा छाव्यांशी होणारा प्रत्यक्ष संपर्कही निषिद्ध ठरला. या वेळी हेड्रनचे वय ९२ वर्षांचे होते.

प्राणिकल्याण व प्राणिहक्क : या दोन संज्ञा व्यवहारात समानार्थी वापरल्या जात असल्या, तरी त्यांत तात्त्विक भेद आहे. माणसाने प्राण्यांचा उपयोग करावा, परंतु त्यांना अकारण यातना देऊ नयेत, ही प्राणिकल्याणाची भूमिका होय. ब्रिटिश संसदेने १८२२ मध्ये गुराढोरांच्या छळाविरुद्ध केलेला कायदा हा तिचा प्रारंभीचा आविष्कार होय. उलट, प्राण्यांना स्वतःचे जीवन असून ते माणसाच्या उपयोगाचे साधन नव्हेत, असे प्राणिहक्कवादी मानतात. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाच्या ‘ॲनिमल लिबरेशन’ (१९७५) या ग्रंथाने या चळवळीस चालना दिली. तथापि त्याचा युक्तिवाद हक्कांवर आधारलेला नसून सुखदुःखाच्या समान विचारावर आधारलेला आहे. टॉम रेगनच्या ‘द केस फॉर ॲनिमल राइट्स’ (१९८३) या ग्रंथात हक्कांची स्पष्ट तात्त्विक मांडणी आढळते.

हेड्रन ही तत्त्वज्ञ नव्हे. तिची भूमिका अनुभवातून हळूहळू बनत गेली. आरंभी ती प्राण्यांच्या सहवासाचा आनंद शोधीत होती. पुढे त्यांना चांगले वागविण्याचा प्रश्न तिच्यापुढे आला. आणि शेवटी, त्यांना माणसाच्या घरात वा पिंजऱ्यात आणण्याचा अधिकार तरी माणसाला आहे काय, या प्रश्नाशी ती येऊन पोहोचली. तिच्यावर टीकाही झाली. ‘रोअर’मध्ये मुलांचे व कामगारांचे प्राण धोक्यात घातले गेले, ही टीका रास्तच आहे. निवारागृह हाही अखेर बंदिवासच, असा काहींचा आक्षेप असतो. यावर तिचे म्हणणे असे, की हे प्राणी जन्मावयासच नको होते. परंतु ते जन्मले असल्याने त्यांचा सांभाळ करणे हे माणसाचे ऋण आहे, आणि अशा निवाऱ्यांची गरज नाहीशी व्हावी हेच त्यांचे ध्येय असले पाहिजे.

समकालीन अभिनेत्री : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक अभिनेत्री या क्षेत्राकडे वळल्या. फ्रेंच अभिनेत्री ब्रिझीत बार्दोने १९७३ मध्ये अभिनयसंन्यास घेऊन १९८६ मध्ये प्राण्यांसाठी प्रतिष्ठान स्थापिले. डॉरिस डे हिने अमेरिकेत पाळीव प्राण्यांसाठी कार्य केले. ‘बॉर्न फ्री’ (१९६६) या सिंहिणीवरील चित्रपटाची नायिका व्हर्जिनिया मकेना हिने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एका हत्तिणीच्या मृत्यूनंतर १९८४ मध्ये ‘झू चेक’ ही संस्था उभारली. तीच पुढे ‘बॉर्न फ्री फाउंडेशन’ म्हणून प्रसिद्ध झाली. रंगभूमीवरील अभिनेत्री ग्रेचेन वायलर (१९३२–२००७) हिने प्राण्यांचे प्रश्न प्रभावीपणे मांडणाऱ्या प्रसारमाध्यमांसाठी १९८६ मध्ये ‘जेनेसिस’ पारितोषिके सुरू केली. पडद्यावरील प्रतिमा प्राण्यांविषयीचा समाजाचा दृष्टिकोन घडवितात, तद्वतच तो बदलूही शकतात, याची जाणीव या साऱ्यांच्या कार्यात दिसते. हेड्रनचे वेगळेपण असे, की जी प्रतिमा पुसून काढण्यासाठी तिने पुढील आयुष्य वेचले, ती सिंहाशेजारी निर्धास्त झोपलेल्या मुलीची प्रतिमा तिच्याच घरी तयार झाली होती.

इतर कार्य : व्हिएटनाम युद्धाच्या अखेरीस, १९७५ मध्ये, सॅक्रामेंटोजवळील निर्वासितांच्या छावणीत हेड्रन काम करीत होती. तेथील व्हिएटनामी स्त्रियांना तिच्या रंगविलेल्या नखांचे कौतुक वाटते, हे पाहून तिने आपल्या नखप्रसाधिकेला छावणीत आणले व २० स्त्रियांना ही कला शिकविण्याची आणि रीतसर परवाना मिळविण्याची व्यवस्था केली. या स्त्रियांनी इतरांना शिकविले आणि कालांतराने अमेरिकेतील नखप्रसाधनाच्या व्यवसायाचा मोठा भाग व्हिएटनामी कुटुंबांच्या हाती आला. २००३ मध्ये हॉलिवुडच्या कीर्तिपथावर तिच्या नावाची तारका बसविण्यात आली. त्याच वर्षाअखेरीस तिच्या प्रयत्नांतील पहिला संघीय कायदा संमत झाला.